बाटली आडवी झाली, पण घरातल्या मुलांचं काय?

दारूविरोधातली लढाई अहिल्यानगर जिल्ह्याला नवी नाही. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने दारूभट्ट्या बंद झाल्या. पारनेर तालुक्यातल्याच निघोजमध्ये २०१६ साली महिलांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली. पण दारू पिणाऱ्यांची मुलं या सगळ्यात कुठे आहेत?

मुलांना मत आहे का?

नाही. २००८ च्या नियमांनुसार २५ टक्के महिला किंवा एकूण मतदारांनी मागणी केली की मतदान घेतलं जातं. बंदीच्या बाजूने पुरेशी मतं पडली, तर दुकान बंद होतं. पण मतदार व्हायला वय १८ लागतं. शिवाय गावातलं दुकान बंद झालं तरी व्यसन सुटतंच असं नाही. पिणारा शेजारच्या गावात जातो आणि रात्री घरीच येतो.

प्रश्न किती मोठा आहे?

२०१९ च्या 'एम्स'च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यातल्या ५.७ कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळतात. बाकीच्यांच्या घरात मुलं पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार, याचा अंदाज घेत असतात. मित्रांना घरी बोलवत नाहीत, धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि कुठेतरी आपलंच चुकतंय असं धरून चालतात.

सोबतीचा गट काय करतो?

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एका १७ वर्षांच्या मुलाने 'अ‍ॅलाटीन' सुरू केलं. त्याचे वडील 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'मध्ये जात होते. इथे एकाच परिस्थितीतली मुलं एकत्र बसतात, अनुभव सांगतात. ऐकलेलं बाहेर जात नाही आणि सोबत एक अनुभवी मोठी व्यक्ती असते. हे व्यसन माझ्यामुळे लागलेलं नाही आणि ते सोडवणं माझ्या हातात नाही, एवढं कळलं तरी मुलाच्या मनावरचं ओझं हलकं होतं.

महाराष्ट्रात पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं. रुग्णांच्या पत्नींसाठी तिथे 'सहचरी' हा गट आहे. नगर शहरात १९८९ पासून काम करणाऱ्या 'स्नेहालय'ची बालभवनं वस्त्यांमध्ये आहेत. मुलं आधीच जमतात अशा जागी असे गट सुरू करणं सोपं जातं.

अडचण कुठे आहे?

गाव लहान असतं, सगळे सगळ्यांना ओळखतात. 'अमक्याचा पोरगा' म्हणून बोट दाखवलं जाईल किंवा वडिलांना पोलीस नेतील, ही भीती मुलांना गप्प ठेवते. त्यामुळे गटाच्या नावात 'दारू' हा शब्द नसलेलाच बरा. शाळेनंतरचा खेळ किंवा अभ्यासाचा तास म्हणूनही तो चालू शकतो.

मग मुलांचं म्हणणं मांडायचं कुठे?

जागा आधीच आहे. सरकारी बालसंरक्षण योजनेत प्रत्येक गावात ग्राम बालसंरक्षण समिती अपेक्षित आहे. सरपंच तिचे अध्यक्ष असतात आणि तिच्यात दोन मुलांचं प्रतिनिधित्व ठरलेलं आहे. मतपेटीपर्यंत न पोहोचणारा आवाज या दोन खुर्च्यांवरून ग्रामपंचायतीपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या गावात त्या खुर्च्यांवर कोण बसतं, हे ग्रामसभेत विचारता येईल.

तातडीची मदत हवी असल्यास: मुलांसाठी १०९८, मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६.