विश्लेषण : भरपाईचा आदेश झाला, पण दोषीकडून पैसे वसूल करायचे कोणी?

“निकाल आपल्या बाजूने लागला रे. आता पैसे कोणत्या खिडकीवर मिळतात?”

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या, ओळखीतल्या एका काकांनी मला फोनवर विचारलेला हा प्रश्न. निवृत्तीच्या वेळी हातात आलेल्या पैशांपैकी काही त्यांनी एका परिचिताला दिले होते. त्याने दिलेला चेक बाउन्स झाला, खटला उभा राहिला, तारखांवर तारखा पडल्या. अखेर कोर्टाने त्या माणसाला दोषी ठरवलं आणि काकांना भरपाई देण्याचा आदेश दिला. काकूंनी पेढेही वाटले.

मी पेपरात काम करतो, म्हणजे मला हे माहीत असणार असं काकांना वाटलं. मला माहीत नव्हतं. आदेश झाला की पुढचं आपोआप होत असेल, असंच मीही समजत होतो. शोधाशोध केल्यावर कळलं की अशी खिडकीच नाही. कायदा आहे, कायद्यात वसुलीची सोयही आहे. पण ती सोय सुरू करण्याचं काम बहुतेक वेळा ज्याचं नुकसान झालं त्याच्याच गळ्यात पडतं. माझ्या मते सगळं गाडं तिथेच अडतं.

कोर्ट भरपाई कोणत्या अधिकाराने देतं?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या कायद्यातलं कलम ३५७ आता नव्या संहितेत कलम ३९५ आहे. त्यात दोन वाटा आहेत.

पहिली वाट दंडातून भरपाईची. दंड एरवी सरकारी तिजोरीत जातो. मात्र त्यातली काही किंवा सगळी रक्कम पीडिताला द्यावी, असं कोर्ट सांगू शकतं. इथे अडचण मर्यादेची आहे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला सर्वसाधारणपणे ५० हजार रुपयांपर्यंतच दंड करता येतो. जुन्या संहितेत ही मर्यादा १० हजार होती. चेक बाउन्सच्या खटल्यात मात्र चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरी वाट स्वतंत्र भरपाईची. शिक्षेत दंड नसेल, तर कोर्ट दोषीला थेट भरपाई देण्याचा आदेश करू शकतं. या रकमेला कायद्यात वरची मर्यादा नाही. दोषीची ऐपत आणि पीडिताचं नुकसान पाहून ती ठरवायची असते.

ती वसूल कशी होते?

संहितेच्या कलम ४७१ नुसार कोर्टाने द्यायला सांगितलेली अशी रक्कम दंडासारखीच वसूल करता येते. दंड कसा वसूल करायचा हे कलम ४६१ सांगतं. कोर्ट दोषीच्या जंगम मालमत्तेच्या जप्तीचं आणि विक्रीचं वॉरंट काढू शकतं. किंवा जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवून ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायला सांगू शकतं. त्यात जमीन, फ्लॅट, दुकानाचा गाळा असं सगळं येतं. मात्र या वॉरंटवर दोषीला अटक करता येत नाही.

दंड वसुलीला शिक्षेच्या तारखेपासून ६ वर्षांची मुदत आहे. कैदेची शिक्षा त्याहून मोठी असेल, तर ती संपेपर्यंत. भरपाईही दंडासारखीच वसूल होत असल्याने हीच मुदत डोक्यात ठेवून चालावं. दोषी मरण पावला तरी त्याच्या मालमत्तेवरचा हा बोजा संपत नाही.

‘पैसे नाहीत, जास्तीची कैद भोगतो’ असं दोषी म्हणाला तर?

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. भरपाई न दिल्यास अमुक महिने जादा कैद, असं निकालपत्रात लिहिलेलं असतं. अनेकांना वाटतं की ती कैद भोगली की हिशेब मिटला.

तसं नाही. भरपाई चुकवल्यास कैद ठोठावता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हरी सिंग खटल्यात सांगितलं. पुढे २०१७ मध्ये केरळमधल्या एका चेक बाउन्स प्रकरणात (कुमारन विरुद्ध केरळ राज्य) न्यायालयाने त्यापुढचा मुद्दा निकाली काढला. जादा कैद भोगून झाली तरी भरपाईची रक्कम वॉरंट काढून वसूल करता येते. थोडक्यात, कैद हा दोषीवर दबाव आणण्याचा मार्ग आहे, ती पैशांची पावती नाही. काकांना मी हे सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती. दोषीने त्यांना नेमकं उलटं ऐकवलं होतं.

मग घोडं कुठे पेंड खातं?

इंजिनिअरिंगला असताना कोडिंगच्या प्रॅक्टिकलला एक चूक हमखास व्हायची. फंक्शन नीट लिहिलेलं असायचं, पण ते कुठूनही कॉलच केलेलं नसायचं. प्रोग्रॅम एरर दाखवायचा नाही, फक्त काहीच घडायचं नाही. भरपाईच्या वसुलीचं असंच आहे.

आदेश देणारं कोर्ट पुढच्या खटल्याकडे वळतं. सरकारी वकिलांचं काम शिक्षेपाशी संपतं. पोलिसांच्या लेखी गुन्हा सिद्ध झालेला असतो. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे वॉरंट आलं, तरच तिथून तहसील कार्यालयाकडे कागद सरकतो, आणि तिथे तो आधीच्या सगळ्या महसूल वसुलीच्या रांगेत उभा राहतो. या साखळीत ‘हे पैसे आले की नाही’ हा प्रश्न विचारणं कोणाचंच नेमून दिलेलं काम नाही. दोषीची मालमत्ता कुठे आहे हे शोधायचं, अर्ज करायचा, वकिलाची फी पुन्हा भरायची, हे सगळं पीडिताने करायचं.

त्यात अपील. दंडातून द्यायची भरपाई अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत देता येत नाही. चेक बाउन्सच्या प्रकरणांत २०१८ च्या दुरुस्तीने थोडा दिलासा आहे. अपील करणाऱ्याला साधारणपणे दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम जमा करायला कोर्ट सांगू शकतं. मारहाण, खून, लैंगिक अत्याचार अशा खटल्यांत अशी ठरलेली टक्केवारी नाही.

आणि दरम्यान काय होतं? खटला ८-१० वर्षं चालतो. तेवढ्या काळात गाडी विकली जाते, फ्लॅट नातेवाइकाच्या नावावर होतो, दुकान मेहुण्याचं होतं. निकालाच्या दिवशी दोषीच्या नावावर काहीच उरलेलं नसतं.

महाराष्ट्रातल्या खटल्याने देशाला काय सांगितलं?

या विषयावरचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणातून आला आहे. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य, मे २०१३. रात्री शेताच्या वाटेवर कुत्रा भुंकला, त्यावरून वाद झाला, डोक्यात लोखंडी पाइप बसला आणि एक माणूस गेला. घटना १९९९ ची. सर्वोच्च न्यायालयाने खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचं कलम लावून शिक्षा ५ वर्षांवर आणली. त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की, प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणं हे कोर्टाचं कर्तव्य आहे. भरपाई द्यायची किंवा नाकारायची तर कारणं नोंदवावी लागतील, आणि दोषीच्या ऐपतीची थोडक्यात चौकशीही करावी लागेल.

पण त्या मृताच्या घरच्यांना काय मिळालं? खालच्या दोन्ही न्यायालयांनी भरपाईच्या कलमाकडे लक्षच दिलं नव्हतं. इतक्या वर्षांनी प्रकरण परत पाठवण्यात अर्थ नाही असं म्हणून, आणि पुढे तरी न्यायालयं काळजी घेतील अशी आशा व्यक्त करून, सर्वोच्च न्यायालयाने तो विषय तिथेच मिटवला. ज्या खटल्याने देशभरातल्या पीडितांसाठी नियम घालून दिला, त्याच खटल्यातलं कुटुंब रिकाम्या हाताने घरी गेलं.

सरकारी मदत वेगळी का?

हो. दोषी सापडला नाही, सुटला किंवा कफल्लक निघाला, तर पीडिताचं पुनर्वसन राज्याने करावं, यासाठी आता कलम ३९६ आहे (पूर्वीचं ३५७-अ). महाराष्ट्रात त्यासाठी पीडित नुकसानभरपाई योजना आहे. लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने अशा अर्जाची चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, विशेषतः महिला आणि मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत सत्र न्यायालयांनी योग्य तिथे भरपाईचा आदेश द्यावा आणि त्याची अंमलबजावणी लवकर व्हावी.

ही मदत गरजेची आहे. पण तिच्यामुळे दोषीची जबाबदारी संपत नाही. सगळा भार सरकारी तिजोरीवर टाकला, तर नुकसान करणारा माणूस नामानिराळा राहतो आणि त्याची भरपाई तुम्ही-आम्ही करातून करतो.

काय बदलायला हवं?

माझ्या मते तीन गोष्टी. तिन्हींसाठी नवा मोठा कायदा लागणार नाही.

पहिली : दोषी ठरताच मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं करावं. पोटगीच्या खटल्यांत हे आधीच होतं. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना असं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. नवरा-बायकोला बँक खाती आणि जमिनी उघड कराव्या लागतात, मग दोषी ठरलेल्याला सूट कशासाठी?

दुसरी : मालमत्ता निकालाआधीच गोठवावी. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्येच केलेल्या ‘एमपीआयडी’ कायद्यात ही सोय आहे. नव्या संहितेचं कलम १०७ गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटण्याची तरतूद करतं, तेही ६० दिवसांत. अर्थात, नुसत्या जप्तीने भागत नाही. डीएसके प्रकरणात जप्ती होऊनही ठेवीदारांना वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली, हे पुण्याने पाहिलं आहे.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची : वसुलीचं काम एका कार्यालयाच्या नावावर लिहावं. ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असू शकतं. भरपाईच्या प्रत्येक आदेशाला क्रमांक द्यावा, तो जिल्हाधिकारी कार्यालयाला ऑनलाइन जावा आणि किती वसूल झालं हे केसच्या तारखेसारखं मोबाइलवर दिसावं. अमेरिकेत संघराज्य पातळीवरच्या खटल्यांत अशी वसुली सरकारी वकिलांच्या कार्यालयातला स्वतंत्र विभाग करतो आणि दोषीची जबाबदारी सुटकेनंतरही २० वर्षं राहते. तिथेही सगळे पैसे येत नाहीत, पण पाठपुरावा कोणी करायचा हे ठरलेलं आहे.

गरीब दोषीचं काय?

हा आक्षेप रास्त आहे. तुरुंगातले अनेकजण हातावर पोट असलेले असतात. त्यांच्या बायका-मुलांचं छप्पर विकून न्याय होणार नाही. म्हणूनच ऐपतीची चौकशी आधी हवी आणि हप्त्यांची सोय हवी. तुरुंगातल्या मजुरीचा काही भाग पीडितांसाठी बाजूला काढण्याचा कायदा करण्याचा विचार व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच गुजरातच्या प्रकरणात सुचवलं होतं. येरवड्याच्या कारखान्यात फर्निचर बनवणाऱ्या कैद्याच्या मजुरीतून महिन्याला थोडीशी रक्कम जरी पीडिताच्या खात्यात जमा झाली, तरी तिचा अर्थ रकमेहून मोठा असेल.

सध्या तुम्ही काय करू शकता?

* निकालपत्राची प्रमाणित प्रत घ्या. त्यात ‘दंडातून भरपाई’ लिहिलंय की ‘स्वतंत्र भरपाई’, ते वकिलाकडून समजून घ्या.
* त्याच कोर्टात वसुलीच्या वॉरंटसाठी लेखी अर्ज करा. सोबत दोषीच्या मालमत्तेची यादी जोडा. सातबारा ‘महाभूलेख’वर आणि नोंदवलेले खरेदी-विक्री दस्त नोंदणी विभागाच्या ‘ई-सर्च’वर शोधता येतात.
* दोषीने अपील केलं, तर शिक्षा स्थगित करताना रक्कम जमा करण्याची अट घालावी, अशी विनंती करा.
* वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मोफत कायदेशीर मदतीचा क्रमांक १५१००.

काकांनी अर्ज केला आहे. दोषीच्या नावावर गावाकडे थोडी जमीन निघाली. तिचा सातबारा काकांनी स्वतः, मोबाइलवर, नातवाच्या मदतीने शोधला. ७० पार केलेल्या माणसाने हे करावं लागणं आणि त्याला ते जमणं, यातलं कशाचं कौतुक करायचं ते मला कळत नाही. आता त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “तहसीलला कागद पोचला असेल का रे?” या प्रश्नाचं उत्तर देणं ज्याचं काम असेल असा एक माणूस व्यवस्थेत हवा. आज तो नाही.