जैन घरात शोची कुत्री



आमची तारा डॉग शोला जाते हे आता गावभर झालंय. त्यामुळे मंदिरातून बाहेर पडून चपला घालेपर्यंत कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, जैनाच्या घरात कुत्रं, आणि वर त्याचे शो?" पायरीवर उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगते. कुत्रं पाळायला माझी हरकत नाही, शोला न्यायलाही नाही. पदक मिळाल्यावर त्याच्या मागून जे दारात येतं त्याला मात्र माझी सक्त हरकत आहे, आणि नेमकं त्याबद्दल मला कुणीच विचारत नाही.

तारा कारवान जातीची. कर्नाटकात याच कुत्र्यांना मुधोळ हाउंड म्हणतात. 2005 साली टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात हे होतं. लांब तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट. शहरातले पाहुणे आले की "उपाशी ठेवता की काय हिला?" म्हणतात, पण या जातीची बांधणीच तशी. आपल्या भागात ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या मळ्यावर राखणीला ठेवलेली, आणि खरं सांगायचं तर सशाच्या शिकारीलाही. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण माझा सगळा मुद्दा तिथंच येऊन थांबणार आहे.

शो म्हणजे सौंदर्यस्पर्धा असं बायकांना वाटतं. तसं नाही. प्रत्येक जातीचं एक लिखित प्रमाण असतं आणि परीक्षक समोरचं कुत्रं त्या प्रमाणाशी ताडून बघतो. आधी लांबून उभं बघतो, मग दात, जबडा, खांदा, पाठ हातानं चाचपतो, मग पळवून चाल बघतो. तारासारख्या कुत्रीला पळणं सोपं, पण तो परक्याचा हात फार अवघड. कारवान मुळातच अंग राखून असतं, अनोळखी माणसानं हात लावलेला त्याला खपत नाही. म्हणून ती दोन महिन्यांची आल्यापासून घरी येईल त्या प्रत्येकाला आम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवायला लावला. दूधवाला, गॅसवाला, माझ्या भिशीच्या नऊ बायका. जाऊबाई तर रोज तिचे दात बघायच्या, अगदी पोरीला दाखवायला आलेल्या पाहुण्यासारख्या! धाकट्या चिरंजीवांनी तिला सैल दोरीवर संथ पळायला शिकवलं. ती पहिल्यांदा रिंगमध्ये शांत उभी राहिली तेव्हा पदकापेक्षा मला त्याचंच कौतुक वाटलं. घाबरट जीव निर्भय होतो, यात वाईट काय आहे?

चौक्याचं विचाराल तर महाराजांच्या आहाराच्या दिवशी तारा मळ्यातल्या घरी असते. एवढं सोपं आहे ते.

आता खाण्याचं. कुत्र्याला मांजरासारखं मांसावाचून अडत नाही. मुधोळ भागातले शेतकरी ज्वारी, मका, गहू, तूरडाळ आणि दूध यांवर ही कुत्री वाढवत आलेत. पण वाढत्या पिल्लाला प्रथिनं आणि कॅल्शियम नुसत्या भाकरी-दुधातून पुरतात असं समजू नका. आम्ही पशुवैद्यांकडून रोजचं खाणं ठरवून घेतलं आणि दर महिन्याला वजन केलं. रिंगमध्ये कुत्र्याचं लक्ष राहावं म्हणून बरेच लोक खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे ठेवतात, आमच्या चिरंजीवांच्या खिशात पनीर असतं. मात्र उद्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला शाकाहार मानवत नाही, तर "आमच्या घरात चालत नाही" म्हणून तिला अर्धपोटी ठेवण्याचा अधिकार मला नाही. व्रत माझं आहे, तिनं घेतलेलं नाही. ज्यांना याची तयारी नाही त्यांनी कुत्रं आणू नये, गाय पाळावी.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत. पाठशाळेत आपण सगळ्यांनीच ते घोकलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. डॉग शोच्या मैदानात एक चक्कर मारली की ते घोकलेलं डोळ्यांसमोर उभं राहतं. सकाळपासून पिंजऱ्यात कोंडलेलं कुत्रं, हा बंध. तुकड्यामागे नीट धावावं म्हणून आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेलं, हा अन्नपाननिरोध. डॉबरमनचे कान टोकदार दिसावेत म्हणून पिल्लू असतानाच ते कापतात, शेपूटही तोडतात, आणि याला छेद नाही तर काय म्हणायचं? इंग्लंडमध्ये एप्रिल 2007 नंतर शेपूट तोडलेलं कुत्रं तिकिटाच्या शोमध्ये दाखवायला बंदी आहे. आपल्याकडे कापलेल्या कानांचे डॉबरमन अजून रिंगमध्ये दिसतात, लोक टाळ्याही वाजवतात. आम्ही हिवाळ्यात चार शो करतो, त्यापेक्षा जास्त नाही. चॅम्पियनपदासाठी वेगवेगळ्या परीक्षकांकडून चॅलेंज सर्टिफिकेटं गोळा करावी लागतात. त्यासाठी पगारी हँडलरच्या गाडीत कुत्रं दर आठवड्याला नव्या गावाला पाठवणारे मी पाहिलेत. त्या कुत्र्याला आपलं घर कोणतं हे तरी कळत असेल का?

इथवर सगळं आपल्या हातात असतं. पुढचं मात्र पदकानंतर सुरू होतं.

मागच्या हिवाळ्यात ताराला तिच्या जातीत पहिला नंबर मिळाला आणि घरचा फोन वाजायचा थांबेना. पिल्लू कधी, किती घेणार, आगाऊ पैसे देऊ का? अहोंनी कागदावर हिशेबही मांडला, आणि हिशेब चांगला होता, नाही म्हणत नाही. धाकट्याच्या कॉलेजची एका वर्षाची फी त्यातून निघाली असती. एकानं सुचवलं की तिच्या सख्ख्या भावाशीच जोडी लावा, म्हणजे डोकं अगदी असंच उतरेल. 2008 साली बीबीसीनं एका माहितीपटात अशा जवळच्या नात्यांतल्या पैदाशीचे हाल दाखवले, मेंदूला कवटी अपुरी पडून वेदनेनं कळवळणारी छोटी कुत्री दाखवली. त्यानंतर तिथल्या केनेल क्लबनं आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्ख्या भावंडांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली. आपल्याकडेही 2017 चे केंद्राचे नियम आहेत: मादी किमान 18 महिन्यांची हवी, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचांच्या वर नाही, आठ वर्षांनंतर अजिबात नाही. पण पिल्लू कुणाच्या हातात जातं, हा प्रश्न उरतोच.

एक फोन तसाच होता. माणूस गोड बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, "वहिनी, आमच्याकडं ऊस तुटला की ससे लई निघतात." सशाच्या शिकारीला कायद्यानं बंदी आहे हे त्यालाही माहीत होतं. मी फोन ठेवला आणि तो कागद अहोंपुढे सरकवला. शिकारीचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे हिंसादान, हे त्यांना मी शिकवायला नको होतं.

हेमचंद्राचार्य श्वेतांबर, आपण दिगंबर, पण म्हणून त्यांचं वाचू नये असं थोडंच आहे! त्यांच्या योगशास्त्रात श्रावकानं न करायच्या धंद्यांत असतीपोषण सांगितलंय, त्यात पोपट-मैनांबरोबर कुत्र्याचं नाव आहे. तिथं दोष पोसण्याला नाही, पैशासाठी पोसण्याला दिलाय. जीव पोसणं वेगळं आणि त्याच्या कुशीवर घर चालवणं वेगळं. कुलमद आणि जातिमद टाळा म्हणून प्रवचन ऐकायचं, आणि घरी येऊन कुत्रीच्या पिढ्यांचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावायचा, हेही मला पटत नाही. आमच्याकडे तो कागद विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये आहे.

अहो आठ दिवस गप्प होते. सासूबाईंनी मात्र माझी बाजू घेतली. त्या म्हणाल्या, जीवंधरकुमारानं मरत्या कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितला, त्याची किंमत घेतली नाही.

तर आमच्याकडे ठरलंय ते असं. देशी जात टिकावी असं मलाही वाटतं, म्हणून तारा तीन वर्षांची झाल्यावर एकच वेत, परक्या रक्ताच्या नराशी, आणि पुढे कधीही नाही. पिल्लं विकायची नाहीत. ज्यांचं घर मी स्वतः जाऊन पाहिलंय, ज्यांच्या मळ्याला कुंपण आहे आणि ज्यांच्या घरात शिकार नाही, त्यांनाच द्यायची. रिंगमध्ये न चालणारं, वाकड्या दाताचं पिल्लू निघालं तर ते आमच्याकडेच राहील. आतापर्यंत दोन घरं पाहिली. एक नापास केलं, दुसऱ्या घरातल्या काकूंनी उलट मलाच विचारलं की पिल्लाला आईपासून किती दिवसांनी तोडणार. त्यांचं नाव वहीत पहिलं लिहिलंय.