पावसात अबोलीला खत नको

मिरग लागला की हौसेने झाडांना खत घालायची रीत आपल्याकडे आहे. भाताला ती लागू पडते. परसातल्या अबोलीला, आणि तीही उत्तर कन्नडातल्या जोयडा तालुक्यात, कुंभारवाड्याकडे, मुळीच नाही. घाटमाथ्यावर चार महिने पाऊस कोसळत असतो. जूनमध्ये टाकलेला युरिया पहिल्या जोरदार सरीबरोबर ओहोळाला लागतो. हे ओहोळ पुढे काळी नदीला मिळतात. गणेशगुडीजवळ सुपा धरण जिच्यावर उभं आहे, ती ही नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते. कुंभारवाडा काळी व्याघ्र प्रकल्पाच्या वनपरिक्षेत्रांपैकी एक. आपण अंगणात फुकट घालवलेलं खत शेवटी त्याच रानातल्या पाण्यात जातं, हे मला फार खुपतं.

अबोली मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेची. उबेची आणि ओलाव्याची तिला आवड, पण मुळाशी पाणी तुंबलं की मर लागते. म्हणून पावसाळ्यात तिची काळजी घ्यायची ती कुदळीने. वाफा वीतभर उंच करायचा, पाण्याला चर काढून द्यायचा, आळं मोडून टाकायचं. बस्स. मुळांवर सूत्रकृमी आल्या की मर आणखी जोर धरते. त्यावर शेजारी झेंडू लावणं हा सोपा, बिनविषारी उपाय.

तिला खायला घालायचे दिवस दसऱ्यानंतरचे. पाऊस ओसरतो, माती अजून ओलसर असते, ऊन उबदार होतं. तेव्हा झाडागणिक दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत हलकेच कालवावी. जांभ्याच्या लाल आंबट मातीत स्फुरद अडकून पडतो, त्यामुळे थोडा हाडांचा चुरा घातला तर उपयोग होतो. चुलीची राख चिमटीनेच टाकावी, आणि युरियाबरोबर तर कधीच नाही, कारण त्यातला नत्र वायू होऊन उडून जातो.

याच सुमारास वाळलेले तुरे खुडून घ्यावेत. अबोलीचा तुरा खालून वर उमलत जातो, आणि फुलं गळली की खाली हिरव्या छोट्या पानांच्या आड बोंडं धरतात. एखादं वाळकं बोंड पाण्यात टाकून पाहा: क्षणभर काहीच नाही, मग टच्‌कन फुटून बी दूर उडतं. पहिल्या सरीला झाड आपलं बी असं उधळतं. पण बी धरण्यात त्याची ताकद जाते. वळेसराला फुलं हवी असतील तर तुरा खुडलेलाच बरा. ‘दिल्ली’ नावाच्या जातीला बी धरतच नाही, ती फाटे लावूनच वाढवतात. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने अर्का अंबर, अर्का कनका अशा जाती काढल्या आहेत. मला मात्र परसातली जुनी केशरी अबोलीच प्रिय.

खत बेतानेच घालायचं, हे फक्त अबोलीपुरतं नाही. थंड मुलखात लोक सुमाक नावाची झुडपं शोभेसाठी लावतात. आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातलं ते झाड. पानगळीआधी त्याची पानं लालभडक होतात. तिथलेही जाणते माळी त्याला खत बेतानेच देतात, कारण ते निकस जमिनीतही तग धरतं. जास्त लाड केले की नुसता पाला माजतो. अबोलीचंही तसंच आहे.

उन्हाळ्यात तिला दुपारची सावली, एक दिवसाआड पाणी आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन द्यावं. पाचोळा आपल्या आवारातल्या फणसाचा, आंब्याचा पुरतो. उत्तर कन्नडात सुपारीच्या बागायतदारांना सोप्पिन बेट्टातून, म्हणजे पाल्यासाठी राखलेल्या रानातून, पाला आणण्याची जुनी वहिवाट आहे, पण चार फुलझाडांसाठी रानातला पाचोळा झाडून आणायचं कारण नाही. तो तिथल्या मातीचाच घास आहे.

येत्या पावसात खताची पिशवी माळ्यावरच राहू द्या. दसऱ्यानंतर ती उतरवा, आणि झाडागणिक दोन ओंजळींपलीकडे घालू नका.