कोलकाता : एकेका आपत्तीची तालीम पुरेशी नाही

२३ सप्टेंबर २०२५ रोजी पहाटे कोलकाता शहर पाण्याखाली गेले. अलीपूरच्या वेधशाळेत २४ तासांत २५१.४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. १९८६ नंतर एका दिवसात एवढा पाऊस या शहराने पाहिला नव्हता. किमान दहा जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी बहुतेक जण बुडून नव्हे, तर साचलेल्या पाण्यात विजेचा धक्का बसून दगावले.

दुर्गापूजेची महाअष्टमी त्यानंतर बरोबर सात दिवसांनी होती. त्या रात्री लाखो नागरिक सहकुटुंब रस्त्यावर असतात, गल्लोगल्ली विजेच्या रोषणाईत न्हालेले मंडप असतात आणि अनेक रस्ते वाहनांसाठी बंद असतात. हाच पाऊस अष्टमीच्या रात्री पडला असता, तर रुग्णवाहिका कोणत्या रस्त्याने गेल्या असत्या? वीजपुरवठा तोडण्याचा निर्णय कोणी आणि कधी घेतला असता? अंधारात सापडलेल्या गर्दीला बाहेर कसे काढले असते?

असे प्रश्न आपत्तीपूर्वी विचारून त्यांची उत्तरे निश्चित करणे, हे संभाव्य परिस्थितींवर आधारित नियोजनाचे सूत्र आहे. पुढे काय घडेल याचे भाकीत करणे हा त्याचा हेतू नाही. घडू शकतील अशा तीन-चार परिस्थिती तपशिलाने मांडायच्या आणि आपली यंत्रणा प्रत्येकीत कोठे कोलमडेल हे शोधायचे, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत हर्मन कान यांनी १९५० च्या दशकात युद्धनीतीसाठी ही पद्धत विकसित केली. शेल या तेल कंपनीने १९७३ च्या तेलसंकटापूर्वी तिचा अवलंब केला होता.

संकटे जोडीने येतात

कोलकात्याचा अलीकडचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मोठी जीवितहानी झाली ती बहुधा दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे.

९ डिसेंबर २०११ रोजी ढाकुरियातील आमरी रुग्णालयाला पहाटे आग लागली. आग तळघरात होती. पण धूर वातानुकूलन यंत्रणेच्या मार्गाने वरच्या मजल्यांवर पोहोचला. इमारत काचांनी बंद होती आणि अनेक रुग्णांना स्वतःहून हलता येत नव्हते. सुमारे ९० जणांचा मृत्यू झाला आणि बहुतेकांचा बळी घेतला तो धुराने. ८ मार्च २०२१ रोजी स्ट्रँड रोडवरील रेल्वेच्या बहुमजली इमारतीला आग लागली, तेव्हा नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यांत अग्निशमन दलाचे चार जवान होते. आग विझवण्यासाठी वर जाताना लिफ्टचा वापर झाल्याचे नंतर उघड झाले.

२० मे २०२० चे ‘अम्फान’ चक्रीवादळ हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. वादळाचा इशारा कित्येक दिवस आधी मिळाला होता आणि किनारपट्टीवरून लाखो लोकांना हलवण्यातही आले. पश्चिम बंगालमध्ये ९८ जणांचा मृत्यू झाला. तथापि, त्याच वेळी देशभर कोरोनाची टाळेबंदी होती. निवारा केंद्रांत अंतर राखायचे होते आणि मनुष्यबळही अपुरे होते. कोलकात्यात हजारो झाडे कोसळून रस्ते अडले, तारा तुटल्या, मोबाइल सेवा विस्कळीत झाली. वीज नाही म्हणून पंप बंद आणि पंप बंद म्हणून पाणी नाही, अशी साखळी तयार झाली. अनेक भागांत दिवसेंदिवस अंधार राहिल्याने नागरिक रस्त्यावर उतरले. अखेर झाडे हटवण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. शेजारच्या ओडिशानेही आपली पथके पाठवली.

वादळाचा मार्ग अचूक सांगितला गेला होता. मात्र वादळ, साथ आणि वीजखंड या तिन्हींचा एकत्रित विचार आधी झालेला नव्हता.

भरती आणि पाऊस

कोलकात्याची भौगोलिक रचनाही अशा एकत्रित विचाराची मागणी करते. शहर सखल आहे. त्याच्या मध्यवर्ती भागातील विटांच्या भूमिगत गटारांचे जाळे ब्रिटिश काळातील आहे. हुगळीला भरती आली की नदीचे पाणी शहरात शिरू नये म्हणून दरवाजे बंद करावे लागतात. त्या वेळी मुसळधार पाऊस सुरू असेल, तर शहरातील पाण्याला नदीकडे वाट उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस अनुभवलेल्या मुंबईकरांना हे गणित नव्याने सांगण्याची गरज नाही.

आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने कोलकाता महापालिकेने पूर-पूर्वसूचना प्रणाली उभारली आहे. कोठे किती पाणी साचले, याची माहिती संवेदकांद्वारे मिळते. परंतु माहिती मिळणे आणि निर्णय होणे यांत अंतर असते. शहरातील पाण्याचा निचरा महापालिकेकडे, अग्निशमन सेवा राज्य शासनाकडे, वीज वितरण खासगी कंपनीकडे, मेट्रो रेल्वेकडे आणि बंदर केंद्राकडे आहे. मुंबईत अग्निशमन दल महापालिकेचेच आहे. कोलकात्यात तसे नाही. त्यामुळे गुडघाभर पाण्यातून जाणारा विजेचा खांब कोणाच्या आदेशावरून निष्प्रवाह करायचा, हा प्रश्न तांत्रिक नसून अधिकाराचा आहे. त्याचे उत्तर पावसात शोधत बसणे परवडणारे नाही.

तालमीनंतरचे काम

केवळ तालीम केल्यानेही प्रश्न सुटत नाही. जुलै २००४ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात ‘पॅम’ या काल्पनिक चक्रीवादळाची पाच दिवसांची तालीम झाली. न्यू ऑर्लिन्सच्या संरक्षक बांधांवरून पाणी शहरात शिरते, असे तिचे चित्र होते. ऑगस्ट २००५ मध्ये ‘कॅटरिना’ आले आणि शहर खरोखरच बुडाले. तालमीत पुढे आलेल्या त्रुटींवरील काम तोपर्यंत पूर्ण झाले नव्हते.

याउलट उदाहरण ओडिशाचे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार बळी गेले. त्यानंतर राज्याने स्वतंत्र प्राधिकरण आणि शीघ्र कृती दल उभारले, निवारे बांधले आणि गावपातळीवर वारंवार तालमी घेतल्या. मे २०१९ मध्ये ‘फनी’ धडकले तेव्हा सुमारे १२ लाख लोकांना हलवण्यात आले आणि मृतांची संख्या ६४ वर रोखली गेली.

नव्या कायद्याची संधी

२०२५ च्या आपत्ती व्यवस्थापन सुधारणा कायद्याने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली आहे. वेगवेगळ्या यंत्रणांना एका टेबलाभोवती बसवण्याचा कायदेशीर आधार त्यातून मिळू शकतो. कोलकात्यासाठी पहिली तालीम कोणती असावी, हे २३ सप्टेंबरच्या पावसानेच सुचवले आहे : अष्टमीची रात्र, अतिवृष्टी, हुगळीची भरती आणि वीजखंड. रुग्णालयाचे जनित्र तळघरात असेल तर काय, मोबाइल बंद पडल्यास संदेश कसे पोहोचतील, या प्रश्नांची उत्तरे नावानिशी आणि वेळेनिशी लिहिली गेली, तरच त्या तालमीला अर्थ राहील.

५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने कोलकाता परिसरात अंदाजे ६० हजार बळी घेतले होते. त्या आणि त्यानंतरच्या अवर्षणांच्या अनुभवातून १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली आणि त्याचे पहिले मुख्यालय याच शहरात होते. वादळ येणार हे सांगण्याचे शास्त्र तेव्हापासून खूप पुढे गेले आहे. वादळ आल्यावर कोणी काय करायचे, याची लेखी आणि सरावातली उत्तरे तयार करणे हे आता उरलेले काम आहे.