डिंक बोलतो तेव्हा...

परवा नातीच्या पुस्तकातलं मेंदूचं चित्र बघत बसले होते. ती बी.एस्सी.ला, मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. तरी शाळेत शिक्षक कमी पडले की विज्ञानाचे तास माझ्या गळ्यात यायचे. तेव्हा मी ठणकावून सांगायचे, "निरोप पोचवतात त्या चेतापेशी. ग्लिया पेशी म्हणजे नुसता आधार!"

आता कळतंय, ते अर्धंच खरं होतं.

थोडा दोष नावाचा. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरांनी १८५६ साली 'न्यूरोग्लिया' हे नाव वापरलं. ग्लिया म्हणजे ग्रीकमध्ये डिंक. आता डिंकाला काही म्हणायचं असेल, असं कोणाच्या मनात येणार?

मोठा दोष मात्र ऐकण्याच्या रीतीचा. चेतापेशी विजेच्या ठिणग्यांनी बोलतात, म्हणून शास्त्रज्ञ विजेच्या तारा लावून ऐकत बसले. ग्लिया तशा ठिणग्या सोडत नाहीत, म्हणजे मुक्याच, असं ठरलं. मग कॅल्शियम वाढलं की चमकणारे रंग हाती आले. १९९० मध्ये येल विद्यापीठात काचेच्या बशीत वाढवलेल्या ताऱ्यासारख्या ग्लिया पेशींना ग्लुटामेट दिलं. हे चेतापेशींचंच निरोपाचं रसायन. तर काय, पेशींत कॅल्शियम वाढलं आणि त्याची लाट एका पेशीतून दुसरीत सरकत गेली! या पेशी स्वतःही एटीपीसारखी रसायनं बाहेर सोडतात. मेंदूला इजा झाली की अशाच एटीपीच्या हाकेला ओ देऊन मायक्रोग्लिया नावाच्या पेशी आपले हात तिकडे पसरतात. ही रसायनांची बोली संथ, पण बोलीच ती.

तर मंडळी, माझं स्पष्ट मत असं, की पाठ्यपुस्तकात 'फक्त आधार' हे शब्द आता नकोत. मुलांना हेही सांगा, की आपल्याला ऐकू आलं नाही म्हणजे कोणी बोलतच नव्हतं असं नसतं.

हे इतकं लागायचं कारण वेगळं आहे. माझ्या वर्गात एक मुलगी होती. वर्षभरात तिने एकदाही हात वर केला नाही. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'वर्गात सहभाग नाही.' पुढे कळलं, मधल्या सुट्टीत अर्ध्या वर्गाला गणितं तीच समजावायची. मी फक्त वर आलेले हात मोजत होते.

त्या शेऱ्याखाली सही माझीच आहे.

तुमच्या प्रगतिपुस्तकात होता का असा एखादा शेरा? जरूर कळवा.