लेकरू आजारी पडलं की खाडा कुणाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका ताईंच्या पाच वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला. ताई वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगचं काम करतात, नवरा रिक्षा चालवतो. चार दिवस त्या मुलाच्या खाटेजवळ बसून होत्या. पाचव्या दिवशी कामावर गेल्या तेव्हा कळलं, चार दिवसांची मजुरी तर गेलीच, महिन्याचा हजेरी बोनसही गेला. वर सुपरवायझरनं ऐकवलं, "पोरं सांभाळायची तर घरीच बसा." आम्ही ताईंसोबत ठेकेदाराकडे गेलो. त्यानं थंडपणे विचारलं, "पोरगं आजारी पडलं तर पगारी सुट्टी द्या, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. परत येऊन कायदे चाळले. खरंच कुठेही लिहिलेलं नाही.

मातृत्व लाभ कायदा 1961 चा. 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवडे झाली, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. पण तापानं फणफणलेलं लेकरू पाळणाघरात ठेवता येत नाही. कारखान्यात 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. ती आधी अर्ज देऊन मंजूर करून घ्यायची असते. ताप अर्ज देऊन येत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या, तरी आजारी मुलासाठी वेगळी रजा त्यांतही नाही.

ईएसआयचं पाहा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. त्या कार्डावर मुलाला उपचार मिळतात. कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षात 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कमही मिळते. मात्र त्याच मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला किंवा बापाला त्या दिवसाचा एक रुपया मिळत नाही. म्हणजे औषध विम्यातून आणि ते पाजणाऱ्याचा खाडा!

आता दुसरी बाजू. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 2008 पासून संपूर्ण सेवेत 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. महाराष्ट्र शासनानं 2018 मध्ये 180 दिवसांची दिली. पत्नी हयात नसलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेली असलेल्या पुरुषांनाही ती मिळते. एप्रिल 2024 मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी रजा ही मेहेरबानी नसून स्त्रियांच्या नोकरीतल्या सहभागाशी जोडलेला घटनात्मक विषय आहे.

ही रजा आम्हाला खुपत नाही. आरक्षणामुळे आपल्यातले काही जण कायम नोकरीत गेले, त्यांच्या घरात ती पोहोचली. पण पुढची पिढी कुठे आहे? ठेकेदाराच्या हजेरीपटावर. नुसती सरकारी नोकरी गेली असं आपण म्हणतो, तिच्यासोबत आजारी लेकराजवळ बसण्याचा हक्कही गेला, हे मोजत नाही. लेकराचा ताप सगळ्यांच्या घरी सारखाच, मग त्याच्याजवळ बसण्याचा हक्क आईबापाच्या हुद्द्यावरून का ठरावा?

"एवढ्या सुट्ट्या दिल्या तर बाईला कामावर ठेवणार कोण?" हा प्रश्न आपलेच लोक विचारतात. 1928 मध्ये प्रसूती लाभाच्या विधेयकावर मुंबईच्या कायदेमंडळात असाच भाराचा प्रश्न होता. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. कामगार आईची विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, तिचा मोठा भार सरकारनं उचलावा, पण तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही जबाबदारी झटकता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. पुढे ते मजूर मंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल 1944 मध्ये आला आणि 1948 मध्ये ईएसआय कायदा झाला.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. डॉक्टरच्या दाखल्यावर, वर्षातून किमान दहा दिवस, मजुरीची भरपाई ईएसआयच्या निधीतून मिळावी. आणि ती आई किंवा बाप, दोघांपैकी कोणालाही घेता यावी. रजा फक्त बाईच्या नावावर लिहिली तर मालक बाईलाच टाळणार, आणि घरातला पुरुष "ते तिचं काम" म्हणून मोकळा होणार. स्वीडनमध्ये एका मुलामागे वर्षाला 120 दिवसांपर्यंत अशी भरपाई सामाजिक विम्यातून मिळते, आईबापांपैकी कोणीही घेऊ शकतो. त्यानं तिथले कारखाने बंद पडले नाहीत.

धुणीभांडी करणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्या आयाबहिणी ईएसआयच्याही बाहेर आहेत. ईएसआयपुरतं मागून आपण थांबलो तर त्या पुन्हा मागे राहतील. त्यांच्यासाठी हीच भरपाई कल्याणकारी मंडळांमार्फत मागावी लागेल.

तोवर हातात आहे ते तरी सोडू नका. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानात, ऑफिसात वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा मिळते. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात काम करणाऱ्या आपल्या पोरांनी ईएसआय क्रमांक चालू आहे का, ठेकेदार पैसे भरतो का, हे या आठवड्यात तपासावं. जयंतीच्या बैठकीत मंडप, डीजे यांच्या हिशेबानंतर दहा मिनिटं या विषयाला द्यावीत आणि ठराव करून कामगार आयुक्तालयात न्यावा.

आणि तरुण बापांनो, कायदा होईल तेव्हा होईल. पुढच्या वेळी लेकराला ताप आला तर निम्मे खाडे तुमच्या नावावर पडू द्या.

जय भीम!