झाडांना झाडांचाच रस

आमच्या शाळेंतील कित्येक मुलांच्या घरीं आतां हरितगृहें आलीं आहेत. प्लॅस्टिकच्या छपराखालीं ढोबळी मिरची, काकडी, टोमॅटो हीं पिकें ऐन पावसाळ्यांतहि घेतां येतात. त्यांच्या मागोमाग बाटल्याहि आल्या: कोणती समुद्रशेवाळाच्या अर्काची, कोणती अमुक पाल्याच्या. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं शेणखताचे पैसे वांचवून ते अशा बाटल्यांत घातल्याचें समजलें, तेव्हां या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

हें सारें थोतांड आहे, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. 1941 सालीं व्हान ओव्हरबेक या शास्त्रज्ञानें धोतऱ्याचे अगदीं कोंवळे गर्भ नारळाच्या पाण्याच्या साह्यानें वाढवून दाखविले. 1963 सालीं न्यूझीलंडमध्यें लेथम यांनीं मक्याच्या कोंवळ्या दाण्यांतून 'झिआटिन' नांवाचें द्रव्य वेगळें काढलें. पेशींचें विभाजन घडविणें व पान लवकर पिवळें पडूं न देणें हें त्याचें काम. परसांतल्या शेवग्याच्या पाल्यांतहि तें आहे. कोंवळा पाला थोड्या पाण्याबरोबर वाटावा, वस्त्रगाळ करावा, रसाच्या एका भागास सुमारें 30 भाग पाणी घालावें आणि त्याच दिवशीं फवारावें. ठेवल्यास रस आंबतो. इतक्या स्वस्त वस्तूसाठीं बाजार गांठण्याचें कारण काय, हें आम्हांस उमगत नाहीं.

प्रमाणाच्या बाबतींत मात्र पुष्कळ जण फसतात. हीं द्रव्यें अत्यल्प असतील तरच उपकारक. अधिक झालीं कीं तींच वाढ खुंटवितात. शिवाय हरितगृहांतील हवा दमट. पानें रात्रभर ओलीं राहिलीं तर बुरशीस आयतेंच आमंत्रण. म्हणून संध्याकाळपूर्वीं तीं सुकतील अशा बेतानें फवारावें.

आणि अर्क म्हणजे अन्न नव्हे. उपाशी बैलास पराणी टोंचली तर तो दोन पावलें भराभर टाकील. त्यानें त्याचें पोट भरत नाहीं. नत्र, स्फुरद, पालाश हीं जमिनींतून वा खतांतूनच मिळालीं पाहिजेत. शेणखत तोडून अर्क घेणें हा आमच्या मतें उफराटा व्यवहार होय.

2021 सालीं भारत सरकारनें अशा अर्कांस खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेंत आणलें, हें योग्यच झालें. परंतु आपल्या मातींत, आपल्या पाण्यावर त्यांचा उपयोग झाला कीं नाहीं, हें सरकार सांगूं शकत नाहीं, दुकानदारहि नाहीं. आठवीच्या मुलास तें काढतां येईल. एका वाफ्यावर अर्क, शेजारच्या तेवढ्याच वाफ्यावर त्याच वेळीं नुसतें पाणी. बाकी सर्व सारखें. दाराजवळचीं झाडें व मधलीं झाडें सारखीं वाढत नाहींत, म्हणून अशा तीन-चार जोड्या निरनिराळ्या ठिकाणीं कराव्या. प्रत्येक तोडणीचें वजन वहींत मांडावें. 'तेवढे वाफे फुकट कां घालवायचे?' असें वडील म्हणतील. त्यांस दोन बाटल्यांची किंमत नम्रपणें विचारावी. वह्या दिवाळीच्या सुटीनंतर आम्हांस आणून दाखवाव्या.